बोकडाचा पाय, माझा पाय आणि आत्यांचा नवस

आधी एक सांगून टाकते. माझा पाय मोडला तेव्हा आमच्या घरी भेटायला आलेल्यांपैकी निम्मी माणसं बोकडाला भेटायला आलेली होती. दारातून आत यायची, माझ्या बाजेकडं बघून "कसं हाय आता?" विचारायची, आणि मी तोंड उघडलं की म्हणायची, "तुझं न्हाय गं, काळ्याचं."

हे लिहायचं कारण असं की घरात माणूस पडो की जनावर, पुढचे चार महिने कसे जातात ते दवाखान्यात कुणी सांगत नाही. व्यायामाचा कागद हातात देतात आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात. त्या कागदानं माझं डोकं फिरवलं होतं. दुसऱ्या कुणाचं फिरू नये म्हणून जे झालं ते जसंच्या तसं सांगते. मी काही डॉक्टर नाही. शिवणकाम करते. भूमच्या पुढं फाट्यावरून आत आमचं गाव आहे, तिथं ब्लाऊज आणि शाळेचे गणवेश माझ्याकडंच येतात. मशीन पायानं चालवायची आहे. हे लक्षात ठेवा, कारण मला सगळी भीती त्याचीच होती.

गाठ कुणी बांधली

माझं माहेर कळंबजवळचं. भावानं हौसेनं एक बोकड दिला. सहा महिन्यांचा, काळाकुळकुळीत, लोंबत्या कानांचा, अस्सल उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं, पण शेळीच्या जातीला अजून सगळे जुन्याच नावानं ओळखतात. तर हा बोकड घेऊन आम्ही मोटारसायकलवर निघालो. पुढं मालक, म्हणजे माझा नवरा, मागं मी, आणि मध्ये गळ्यापर्यंत पोत्यात घातलेला बोकड. आमच्याकडं यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मी तर अशी वासरंसुद्धा जाताना बघितली आहेत.

वाटेत शेळ्यांचा एक कळप आडवा आला. यानं त्यांना बघितलं आणि अंगात वारं शिरल्यासारखं केलं. पोत्याची गाठ सुटली. मी त्याला धरलं, मालकांनी ब्रेक दाबला, खाली खडी होती. पुढचं सांगायला नको. मोटारसायकल माझ्या उजव्या पायावर पडली, आणि माझ्या पायाखाली बोकडाचा मागचा उजवा पाय. मालकांना ओरखडासुद्धा आला नाही. गाठ मालकांनी बांधली होती. ते म्हणतात मी बांधली होती. हा वाद अजून मिटलेला नाही आणि मी मिटू देणार नाही.

धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि म्हणाले, "गुडघ्याच्या खाली मोडलंय. प्लेट घालावी लागेल." मी विचारलं, "मशीन चालवता येईल का?" ते म्हणाले, "आधी चालता येऊ द्या." एवढं बोलून ते गेले. मी छताकडं बघत राहिले. पंख्याच्या एका पात्याला जळमट लागलं होतं, आणि ते गरगर फिरत होतं. रडू आलं. मालकांनी विचारलं, "लई दुखतंय का?" दुखत होतंच. पण मी त्या आखडलेल्या पायाला घाबरले होते. माझ्या हातात दुसरं काही नाही, जे आहे ते त्या पायात आहे.

ऑपरेशनला आत नेताना सासूबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला, हात जोडले आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "लक्ष्मीआई, माझी सून नीट चालत घरी आली, तर घरातला काळा बोकड तुला दीन."

शेजारी आप्पा उभे होते. हे माझे चुलत सासरे, भावकीत सगळ्यात वडील, रीतिरिवाजाचे पक्के आणि मटणाचे त्याहून पक्के. त्यांनी मान डोलावली. म्हणजे नवसाला साक्षीदार झाला.

एकच कागद, दोन पेशंट

आठ दिवसांनी मला जीपमधून घरी आणलं. बाज ओसरीवर टाकली होती. माझ्या बाजेशेजारी, हातभर अंतरावर, वाळूवर पोतं अंथरून बोकड झोपवलेला.

"दोगांस्नी येकाच जागी बगता यील म्हनून ठिवलंय," आत्या म्हणाल्या.

बोकडाला जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या मॅडम बघून गेल्या होत्या. मी आल्यावर त्या परत आल्या. तिशीच्या असतील, बोलणं सरळ. म्हणाल्या, "हाड मोडलेलं नाही. नस दबलीय. म्हणून खूर उलटा पडतो. औषधाचं माझं काम झालं, आता तुमचं. दिवसातून तीन वेळा गरम पाण्याचा शेक. मग मांडीपासून खाली हलक्या हातानं चोळायचं. मग प्रत्येक सांधा दहा वेळा वाकवायचा, दहा वेळा सरळ करायचा. एका कुशीवर ठेवू नका. पाय हलला नाही तर आखडून जाईल."

मी म्हटलं, "मॅडम, हे सगळं माझ्याच कागदावर लिहिलंय की."

त्यांनी माझा कागद हातात घेऊन वाचला आणि हसल्या. "मग बरं झालं. दोघं बरोबरच करा."

बरं झालं म्हणे. ही बया निघून गेली आणि माझी फजिती सुरू झाली. कारण आत्यांनी मॅडमचा शब्द न् शब्द मनावर घेतला. सकाळी पाणी तापायचं. आधी बोकडाला शेक. त्याचं झालं की उरलेल्या कोमट पाण्यात फडकं बुडवून माझ्या गुडघ्यावर. मी एकदा म्हटलं, "आत्या, पाणी गार झालंय." त्या म्हणाल्या, "तुला तोंड हाय, तू सांगू शकतीस. त्ये मुकं जनावर हाय."

"मी सांगतेय ना आता!"

"उद्या बगू."

मग व्यायाम. मी बाजेवर बसून टाच मागं ओढायची, गुडघा वाकवायचा. आत्या खाली बसून बोकडाचा पाय वाकवायच्या. मोजणार त्याच. बोकडाचं "येक... दोन... तीन..." असं सावकाश, लोण्यासारखं. आणि माझ्याकडं मान वळवून, "वड की! लावून वड! नुसतं कण्हून काय व्हतंय?" बोकड कळवळला की त्या थांबायच्या, कानामागं खाजवायच्या, गुळाचा खडा द्यायच्या. मी कळवळले की म्हणायच्या, "दुखणारच."

तरी एक गोष्ट खरी लिहिली पाहिजे. पहिले तीन आठवडे माझं सगळं, अगदी सगळं, त्या सत्तरीतल्या बाईनं केलं. भांडं दिलं, भांडं उचललं, आणि तोंड वाकडं केलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा लाजेनं रडले तर म्हणाल्या, "रडाय काय झालं? म्या पडले असते तर तू केलं नसतं व्हय?" आणि लगेच पुढं, "गप. काळ्या बिचकतोय."

सल्ला देणारे

मोडलेल्या पायापेक्षा सल्ल्यांनी जीव जास्त जातो. कुणी तेल सांगितलं, कुणी पाला. मालकांच्या एका मित्रानं सांगितलं की व्यायाम हे शहरातल्या लोकांचं फॅड आहे, जनावर काय आणि बाई काय, पडून राहिली की हाडं आपोआप जुळतात. हा माणूस आमच्याच ओसरीवर माझ्याच कपातून चहा पीत होता. माझा व्यायाम घेणारे फिजिओथेरपीचे डॉक्टर भूमला बसायचे. आठवड्यातून दोनदा जीपनं जायचं आणि त्यांच्या हाताखाली बोंबलायचं. टक्कल पडलेला, जाडजूड, शांत माणूस. मी ओरडले की म्हणायचे, "हं, अजून थोडं." अजून थोडं हे शब्द मला आजही सहन होत नाहीत.

आप्पांनी मात्र कहर केला. एक दिवस ते चुलीत लाल केलेला विळा चिमट्यात धरून आमच्या दारात हजर. बोकडाच्या खुब्याला डाग द्यायचा म्हणे. आमच्याकडं लंगड्या जनावराला डाग देतात, त्यानं नस मोकळी होते असं म्हातारी माणसं मानतात. मॅडमनी बजावून सांगितलं होतं की डागानं फक्त जखम होते. मी बाजेवरून ओरडत होते, पण मला उठता कुठं येतंय? बोकड ते लाल पातं बघून पोत्यावरच मुतला.

आत्या आतून आल्या. दोघांच्या मध्ये उभ्या राहिल्या. "आप्पा, त्यो आईला बोललेला बोकड हाय. डाग दिल्यालं आईला चालत न्हाय."

आप्पांचा हात थांबला. रिवाजापुढं त्यांचं काही चालत नाही. आमच्या घरची रीत अशी की नवसाचं जनावर अव्यंग लागतं. कान फाटलेला चालत नाही, डाग चालत नाही, लंगडं तर नाहीच. ते स्वतःच्या पायानं देवीपर्यंत चालत गेलं पाहिजे. आणि बोललेलंच द्यायचं, दुसरं आणून चालत नाही. आप्पा विळा घेऊन परत गेले. जाताना म्हणाले, "मग नीट करा त्येला लवकर."

झोळी

पाचव्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, आता त्याला उभा करायचा. पोटाखालून झोळी घालून टांगायचा, असा की खूर जमिनीला जेमतेम टेकतील. अशी झोळी कुठं विकत मिळते म्हणून मी विचारलं. त्या म्हणाल्या, "मिळत नाही. तुम्ही शिवणकाम करता ना?"

मी हातानं शिवली. जाड गोणपाट, आतून जुन्या परकराचं मऊ अस्तर, पायांसाठी चार भोकं, आणि नराची लघवी अडू नये म्हणून खाली एक फट. पहिली झोळी लहान झाली. दुसरीत तो घसरून तोंडावर आला. तिसरी बसली. बोकडाचं माप मी तीन वेळा घेतलं आणि तिसऱ्यांदा त्यानं टेप खाल्ला. वीस वर्षं वापरलेला टेप, छत्तीस इंचांपासून पुढचा सगळा. मी त्याला इतक्या शिव्या दिल्या की मालक बाहेर येऊन उभे राहिले.

मालकांनी झोळी ओसरीच्या वाशाला बांधली. मी म्हटलं, "गाठ मी बांधणार." त्यांनी मुकाट्यानं दोर माझ्या हातात दिला.

मग रोजचं असं. तो झोळीत लटकून, मी वॉकर धरून. दोघं समोरासमोर उभे, दोघांचा उजवा पाय थरथरतोय. तो माझ्याकडं बघायचा, मी त्याच्याकडं. मॅडमनी उलटा पडणारा खूर हातानं सरळ टेकवायला शिकवलं होतं. टेकवायचा, तो वळायचा, पुन्हा टेकवायचा. दिवसातून शंभर वेळा. माझा गुडघा एका ठिकाणी येऊन अडला होता, पुढं वाकतच नव्हता. मला वाटायचं, हे सगळं थोतांड आहे. आम्ही दोघं असेच राहणार. मी वॉकर घेऊन, हा झोळीत.

आणि एका सकाळी मी खूर टेकवायला वाकणार, तोच त्यानं तो स्वतः टेकवला. सपाट. सरळ. मी एवढ्यानं ओरडले की आत्या पिठाच्या हातानं बाहेर आल्या. त्यांनी बघितलं. पिठाचेच हात जोडले. "आईनं ऐकलं गं," म्हणाल्या.

नवस मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होता. पण ठाऊक असणं वेगळं. आम्ही त्या पायाला शेक दिला, चोळला, शंभर वेळा टेकवला, ते सगळं तो लक्ष्मीआईच्या दगडापर्यंत चालत जावा म्हणून. त्याचा पाय बरा झाला की बोकड गेला. आणि माझा पाय बरा झाला तरी बोकड गेलाच.

मॅडम पुढच्या खेपेला आल्या तेव्हा मी त्यांना नवसाचं सांगितलं. त्या खाली बसून त्याचा सांधा वाकवत होत्या. त्यांचा हात थांबला. "मग एवढी मेहनत कशासाठी करून घेतली तुम्ही माझ्याकडून?" त्या चिडल्या होत्या. तरी पुन्हा पाय वाकवायला लागल्या. "मला पाय चालवता येतो. पुढचं तुमच्या घरचं," म्हणाल्या आणि नवा व्यायाम दाखवला. जमिनीवर हात-हात अंतरानं तुराट्या, म्हणजे तुरीच्या वाळल्या काड्या, मांडायच्या आणि त्यांच्यावरून चालवायचा, म्हणजे पाय उचलायची सवय लागते.

मी तुराट्या मांडल्या. दुसरं काय करणार? व्यायाम बंद करून त्याला लंगडा ठेवायचा विचार मनात आला नाही असं नाही. दोन दिवस मी मांडल्याही नव्हत्या. तिसऱ्या दिवशी तो स्वतः वॉकरला शिंगं घासत आला आणि उभा राहिला. तुराट्यांच्या शेवटी गुळाचा खडा असतो, एवढं त्याला कळत होतं. मला राग आला. त्याचा, आत्यांचा, स्वतःचा. तुराट्यांवरून त्याच्यामागं मीही चालले. माझा गुडघा त्याच आठवड्यात अडलेल्या जागेच्या पुढं वाकला.

नांगरट

चौथ्या महिन्यात आप्पांनी दिवस ठरवला. सगळ्या भावकीला निरोप गेले.

त्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता बोकड सोडला आणि शेताच्या बाजूला निघाले. आमचं काळं रान नुकतंच नांगरलेलं होतं, गुडघ्याएवढी ढेकळं. मला माहीत होतं की दमला की त्याचा उजवा पाय किंचित ओढतो. हे फक्त मला ठाऊक होतं, कारण चार महिने मी दुसरं काही बघितलंच नव्हतं. मी त्याला त्या नांगरटीतून हिंडवलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत, परत, पुन्हा. माझी छाती फुटायची वेळ आली. आणि हा? ढेकळावरून ढेकळावर टणाटण. चार महिन्यांचे व्यायाम, शेक, तुराट्या, सगळं त्याच्या अंगी लागलं होतं. एकदाही पाय ओढला नाही. मी बांधावर बसून त्याला म्हटलं, "मेल्या, आजच्या दिवस तरी लंगड की रे." तो माझा पदर खात होता.

लक्ष्मीआईच्या लिंबाखाली सगळे जमले होते. आप्पांनी बोकडाला चालवून बघितलं. पुढं, मागं. वाकून खूर बघितले, कान बघितले. "येक नंबर," ते म्हणाले. "कुटं काय झाल्तं, वळकू बी यायचं न्हाय." चार महिने माझं कौतुक करायचं कुणाला सुचलं नव्हतं, ते आता झालं.

मी दगडावर बसून गुडघा चोळत होते. आत्या हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभ्या. त्यांनी बोकडाकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं.

"सुनंदा, हितवर चाल बगू."

मी उठले. नांगरटीनं पायाची पार वाट लावली होती. चार पावलं टाकली, पाचव्याला पाय घसपटला. खरंच घसपटला, मी मुद्दाम केलं नाही.

आत्या आप्पांकडं वळल्या. "म्या काय बोलले हुते? तुमीच हुतात तितं. सून नीट चालली तर."

"मंग? चालतीय की."

"ह्येला नीट चालनं म्हनत्यात व्हय? नवस पावायच्या आत फेडला तर आईचा कोप व्हतो. तुमीच सांगता न्हवं?"

भावकीतले लोक एकमेकांकडं बघायला लागले. रिवाजाच्या माणसाला रिवाजच सांगितला, आता तो बोलणार काय? आत्यांनी नारळ फोडला, कुंकू वाहिलं, डोकं टेकवलं. उठताना दोर माझ्या हातात दिला आणि घराकडं चालायला लागल्या.

अर्ध्या वाटेत, पुढंच बघत, त्या म्हणाल्या, "सकाळी नांगरटीत कशाला कडमडली हुतीस?"

मी दोर मनगटाला गुंडाळत राहिले.

"मला वाटलं, मलाच त्येचा लळा लागलाय," त्या म्हणाल्या, आणि पदरानं नाक पुसलं.

आत्ताची तब्येत

आता कागदाविषयी. व्यायाम सोडू नका. माणसाचा असो, जनावराचा असो. रोज वाटेल की काही होत नाही. तरी करा. मोजायला कुणीतरी शेजारी बसवा, मग ते माणूस कितीही तापट असो. भूमच्या डॉक्टरांनी मला मागच्या महिन्यात सांगितलं, "तुम्ही शंभर टक्के बऱ्या. आता यायचं काम नाही." मशीनही पहिल्यासारखी चालते आहे. मी आनंदानं घरी आले, आत्यांना सांगितलं.

त्यांनी दार लोटून घेतलं. "कुनाला सांगू नगं. गावातनं जाताना जरा पाय वढीत जा."

"आत्या, आणि लक्ष्मीआई?"

"आईला समदं ठाव हाय. तिचं म्या बगून घीन. आप्पाला कळू द्यायचं न्हाय."

तर आता माझं असं झालं आहे. चार महिने ओरडून, रडून, शिव्या घालून मी नीट चालायला शिकले, आणि आता उरलेला जन्म मला लंगडायचं आहे. एसटीतून फाट्यावर उतरले की मी झपाझप चालते. आप्पांची ओसरी दिसायला लागली की पाय ओढायला लागते. आप्पा रोज विचारतात, "अजून न्हाय का गं बरा?" मी कण्हून सांगते, "न्हाय आप्पा, कुठलं."

आणि नेमका तेव्हाच हा बेअक्कल आमच्या दारातून मला बघतो, दावं तोडतो, आणि आप्पांच्या डोळ्यांदेखत चारी पायांवर उड्या मारत मला घ्यायला येतो.